लाकडालाही नाक असतं

"तुळयांची टोकं भिंतीत कोंडू नका. लाकडालाही नाक असतं."

मित्रांनो, ही दोन वाक्यं जन्मापासून माझ्या डोक्यावर होती आणि मी ती हसण्यावारी नेली. मी एक जुनी गढी आहे, चेक देशात, मोराव्हियातल्या लिपोलेत्स गावाबाहेरची. माझं वय आता तीनशेला टेकलं आहे. तुमच्याकडच्या गढ्यांसारखे बुरूज मला नाहीत. नव्वद खिडक्या आहेत, मधोमध एक मनोरा आहे आणि वरच्या दालनाचं छत म्हणजे चुन्यात घडवलेली बागच आहे. द्राक्षांचे घोस, डाळिंबं, गुबगुबीत देवदूत. या छताचा मला फार गर्व होता. आज त्याच्याविषयी सांगताना लाज वाटते.

ती वाक्यं माटोउश नावाच्या सुताराची. छताचा भार घेणाऱ्या प्रत्येक तुळईचं टोक भिंतीत बसवताना त्यानं भोवती चार बोटं जागा मोकळी ठेवली होती. आमच्याकडे मनोऱ्याच्या टोकावर तांब्याचा पोकळ गोळा बसवतात आणि त्यात पुढच्या माणसांसाठी चिठ्ठ्या ठेवतात. बाकीच्यांनी देवाला आणि सरदारसाहेबांना वंदन लिहिलं. माटोउशनं एवढंच लिहिलं. मी तेव्हा कोरी करकरीत होते. मला वाटलं, काय हा म्हातारा! इतक्या सुंदर गढीच्या डोक्यावर लिहायला याला तुळयाच सुचल्या?

दोनशे वर्षं माझ्या दालनात पाहुणे आले, नाच झाले, बारशी झाली. मग लढाई झाली, सरदारांचं कुटुंब गेलं आणि नाचाच्या जागी बियाण्याची पोती आली. माझा गिलावा गळाला, खिडक्यांत कबुतरं राहू लागली. पण तुळया धडधाकट होत्या, कारण त्यांना वारा लागत होता. आपण कशामुळे उभ्या आहोत, याचा मी कधी विचारच केला नाही.

पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारनं माझी डागडुजी काढली. तांब्याचा गोळा खाली आला. अंगणात बँड वाजला, खसखशीच्या गोड पावांची ताटं फिरली आणि ह्लाव्हाच नावाच्या इंजिनिअरसाहेबांनी पायरीवर उभं राहून माटोउशची चिठ्ठी वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हा सुतार नव्हता, कवी होता, कवी!" साहेब डोळे पुसत म्हणाले. चिठ्ठी काचेत बसवून तिकीटघरात लावली.

आणि चारच दिवसांनी त्यांच्याच गवंड्यांनी तुळयांभोवतीच्या त्या फटी सिमेंटनं भरायला घेतल्या.

छताची चुन्याची फुलं दुरुस्त करायला बोहदाना नावाची एक तरुण कारागीर आली होती. ती शिडीवरून तरातरा उतरली.

"इंजिनिअरसाहेब, हे काय चाललंय? रविवारी तर तुम्हीच वाचून दाखवलंत!"

"अहो बोहदानाबाई, ते समारंभाचं. इथे फटींतून वारा येतो. खालच्या कचेरीतली टायपिस्ट दिवसभर शिंकतेय."

"मग तिला शाल द्या."

"शालीला वरून मंजुरी लागते. सिमेंट येऊन पडलंय."

गवंडी हसले. खरं सांगते, मीही हसले. वारा थांबला, अंग उबदार झालं, वरून पिवळा रंग चढला. पुन्हा एकदा मी नव्या नवरीसारखी दिसत होते. नाक बंद झाल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

बोहदाना पुढे माझी राखणदार झाली. दर वसंतात ती शिडी चढून लाकडी दांड्यानं छत ठोकून बघायची. ठण वाजलं की चुना घट्ट आणि ढप वाजलं की पोकळ. मग तिचे गुडघे दुखू लागले. ती खालूनच मान वर करून विचारायची, "काय गं म्हातारे, बरी आहेस ना?"

तेव्हा खिडकीकडच्या कोपऱ्यात, सिमेंटनं कोंडलेल्या ओलाव्यामुळे माझ्या तुळयांना तपकिरी बुरशी लागली होती. लाकडाचा भुसा होत होता. मला ते ठाऊक होतं. एक तडा दाखवला असता तर बोहदाना गुडघे विसरून वर आली असती. पण मी माझा गुळगुळीत चेहरा तिच्यासमोर धरला. मला पुन्हा कुरूप व्हायचं नव्हतं.

अशाच एका जूनमध्ये बालवाडीची सहल आली. आमच्याकडे लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर लोकरीचे मोठाले जोडे चढवायला देतात. मुलांना चालायचं नसतंच, घसरायचं असतं. चौदा मुलं. बोहदाना दर दालनात त्यांना मोजत होती.

वरच्या दालनात, खिडकीकडच्या कोपऱ्यात तिला चुन्याची पांढरी भुकटी दिसली. तासाभरापूर्वीच तिनं तिथे झाडलं होतं. तिनं वर पाहिलं. ओरडली असती तर मुलं जागच्या जागी थिजली असती. ती हसून म्हणाली, "चला रे, शर्यत! घसरत घसरत दारापर्यंत पहिलं कोण पोचतंय?"

मुलं सुसाट सुटली. बारा, तेरा... आणि अनेझ्का नावाच्या चिमुरडीचा एक जोडा पायातून निसटला. ती तो उचलायला मागे वळली.

"आजी, माझा जोडा!"

"राहू दे गं जोडा!"

बोहदाना धावली आणि तिनं अनेझ्काला ढकललं. पोर पोटावर घसरत दाराशी गेली. मग तुळई खचली आणि माझी द्राक्षं, माझी डाळिंबं, माझा एक अख्खा देवदूत बोहदानाच्या उजव्या हातावर कोसळला. तीच फुलं तिनं त्याच हातानं दुरुस्त केली होती.

चौदाही मुलं सुखरूप घरी गेली. तो हात मात्र पुन्हा मिटला नाही.

नंतरची डागडुजी निराळी होती. काचेतली चिठ्ठी काढून कारागिरांनी ती कामाच्या टेबलावर ठेवली. सिमेंट फोडून काढलं, कुजलेली टोकं कापून ओकचे नवे तुकडे जोडले आणि भोवती चार बोटं जागा सोडली. तांब्याच्या गोळ्यात नवी चिठ्ठी कुणाची ठेवायची, यावर वाद झालाच नाही. बोहदानानं डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "वाचून टाळ्या वाजवू नका. शिडी चढा आणि ठोकून बघा."

मित्रांनो, जुनी वस्तू आणि जुनं माणूस आपलं दुखणं स्वतःहून सांगत नाही. रंग चांगला दिसला म्हणून पुढे जाऊ नका.

बोहदाना माझ्या फाटकाशेजारच्या खोलीत एकटीच राहते. कुणी विचारलं की दारामागूनच म्हणते, "ठणठणीत आहे मी, तुम्ही जा." तो आवाज मी ओळखते. मी वर्षानुवर्षं तिच्याशी तस्संच बोलत आले. कालपासून तिच्या धुराड्यातून धूर निघालेला नाही. मला पाय नाहीत. तुम्ही कुणी या वाटेनं येत असाल तर चेस्टनटच्या झाडांच्या रांगेतून सरळ या. हिरवं दार आहे. ती आतून "बरी आहे" म्हणाली तरी परत फिरू नका. आत जा आणि तिला बघा.