मास्तरांचे नवे ब्रेक पॅड

हिसाओ मोरोझुमी मास्तरांची लाल गाडी घरी येऊन दहा वर्षं झाली होती आणि त्यांची बायको तोमिए तीत एकदाही बसली नव्हती. आता बसायला कबूल झाली, तेसुद्धा निकाल द्यायला.

"रविवारी मी येते तुमच्या त्या सर्किटवर," रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली. "शेजारी बसते. पटलं तर गाडी राहू दे. नाही पटलं तर विकून टाका. मला त्या शेडमध्ये लोणच्याची पिंपं ठेवायची आहेत."

"पटलं की नाही, हे कसं ठरणार?"

"मी ठरवणार."

मास्तरांनी सूपची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

गाडी अगदी छोटी, दोघांपुरती, जुनी. पण मास्तरांचा तिच्यावर जीव होता. गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी तीस वर्षं शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून परवाना घेऊन बाहेर पडलेलं. शिकवण एकच: ब्रेक असा लावा की शेजारच्याला कळता कामा नये. रस्त्यावर ही शिकवण सोन्यासारखी. पण मास्तर महिन्यातून एका रविवारी जायचे ते सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे लोक भन्नाट वेगाने वळणापर्यंत येतात आणि शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभे राहतात. मास्तर मात्र वळण नुसतं दिसलं की हळू व्हायला लागत. मागच्याने तेवढ्यात डबा उघडून दोन घास खाऊन घ्यावेत. मग मास्तर बाजूला होत, हात वर करत, मान किंचित लववत आणि त्याला पुढे जाऊ देत. दहा वर्षांत त्यांनी कुणालाही मागे टाकलं नव्हतं.

हे तोमिएला ठाऊक नव्हतं. मास्तर तिच्याशी कधी खोटं बोलले नाहीत, पण शेजारणी म्हणायच्या, "तुमचे मिस्टर शर्यतीत गाडी चालवतात म्हणे!" आणि तोमिए काळजीने, जरा तोऱ्यानेही, नवऱ्याकडे बघायची, तेव्हा मास्तर आभाळाकडे बघत. आता ती शेजारी बसणार म्हणजे सगळं उघडं पडणार. यावर मास्तरांनी काय उपाय काढावा? आपल्या पायात काही खोट असेल ही शंका त्यांना शिवली नाही. खोट ब्रेकमध्ये आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि ते ओगुराच्या गॅरेजला गेले.

"नवे पॅड कशाला, मास्तर?" जुने हातात घेऊन ओगुरा म्हणाला. "हे अर्धेही झिजले नाहीत. दहा वर्षं ट्रॅकवर जाऊन ज्याचे पॅड झिजत नाहीत असा दुसरा माणूस मी पाहिला नाही."

"तुला विकायचे आहेत की नाही?"

ओगुराने तीन खोके काउंटरवर मांडले. "हे रस्त्यावरचे. तुमच्याकडे आहेत तसलेच. हे मधले, रस्त्यावरही चालतात आणि ट्रॅकवरही. आणि हे शर्यतीचे. कितीही तापले तरी दम सोडत नाहीत. पण आधी तापवावे लागतात. थंड असताना यांनी गाडी थांबवणं म्हणजे साबणाच्या वडीने थांबवण्यासारखं. शिवाय रस्त्यावर किंचाळतात. तुम्ही मधले न्या."

कोपऱ्यात डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. उसामीबाई, गावातल्या दातांच्या डॉक्टर, साठी ओलांडलेल्या. त्यांच्या पांढऱ्या गाडीचं ऑइल बदलून होईपर्यंत त्या पत्र्याच्या छोट्या डब्यातली तयार कॉफी पीत होत्या.

"मास्तरांना मधलेच बरोबर," त्या म्हणाल्या. "मास्तर ब्रेक तापूच देत नाहीत. मी दर फेरीला पुढे जाते तेव्हा इतकी छान वाट करून देतात! अख्ख्या ट्रॅकवर इतकं सभ्य कुणी नाही."

बाई हे अगदी मनापासून बोलल्या आणि तेच मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

"शर्यतीचे दे," मास्तर म्हणाले.

ओगुराने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि एक सुस्कारा सोडून पॅड बसवले. मग त्याने समजावलं की नुसते बसवून भागत नाही, मुरवावे लागतात. "वेग घ्यायचा आणि ब्रेक दणकून दाबायचा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. पॅडचा पातळ थर डिस्कवर, म्हणजे चाकातल्या चकतीवर, सगळीकडे सारखा बसतो, म्हणून हा खटाटोप. वास येईल, धूर येईल, घाबरू नका. नंतर गार होईपर्यंत नुसतं चालवत राहायचं. आणि काही झालं तरी, मास्तर, तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका. पॅडचा ठसा एकाच जागी डिस्कवर उमटतो. मग दर ब्रेकला गाडी थरथरते. रविवारी सर्किटवरच पहिल्या फेऱ्यांत उरका की हे."

पण रविवारी तोमिए शेजारी असणार. मास्तरांनी शनिवारची सकाळ धरली.

घरी जाताना पॅड खरंच किंचाळले, सिग्नलगणिक. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी असलेली मुलं कानांवर हात ठेवून वळली आणि आत मास्तर दिसताच त्यांनी हात खाली घेऊन अदबीने नमस्कार केला. मास्तरांनीही केला. कान मात्र लाल झाले.

शनिवारी सकाळी सफरचंदांच्या बागांमधला लांब, सरळ रस्ता मोकळा होता. अडचण एवढीच की वेगमर्यादेची पाटी साठची होती. ओगुराने सांगितलेला वेग त्याहून बराच जास्त, पण ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तराने साठच्या पाटीखाली एकसष्टने जायचं म्हणजे भटजीने मुहूर्त चुकवण्यासारखं. मास्तरांनी बरोबर साठ धरले, आरशात बघितलं आणि ब्रेक दाबला. म्हणजे त्यांना वाटलं, दाबला. पाय सवयीने अलगद टेकला आणि गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. "दाब!" मास्तर पायाला मोठ्याने म्हणाले. पायाने तीस वर्षांची शिकवण इमानाने पाळली.

रस्त्याच्या टोकाला जाऊन वळायचं, पुन्हा साठ, पुन्हा ब्रेक, असं किती वेळा केलं कोण जाणे. हळूहळू पायाला जोर आला. शेवटी जळका वास सुटला, चाकांतून धुराची रेघ निघाली आणि मास्तरांना बारशाचे पेढे वाटावेत एवढा आनंद झाला.

इकडे बागेत शिडीवर चढून सफरचंदांची विरळणी करणाऱ्या आजीबाई मघापासून हा प्रकार बघत होत्या. रिकाम्या रस्त्यावर एक लाल गाडी धावते, मध्येच कचकन दबते, पुन्हा धावते. म्हातारीला राहवेना. ती खाली उतरून रस्त्याच्या कडेला आली.

"काय हो, काही हरवलंय का?" तिने ओरडून विचारलं.

वडीलधारं माणूस काही विचारतंय आणि आपण तसंच पुढे जायचं, हे मास्तरांच्याने होईना. पण थांबायचं तर नव्हतं. त्यांनी काच खाली केली, चालत्या गाडीतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा आजी, मला थांबता येत नाही!"

आजीबाईंनी धूर बघितला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई! ब्रेक गेले!" त्या गाडीमागे धावत सुटल्या. "गवतात घाला! माझ्या बागेत घाला! झाडं गेली तर जाऊ देत!"

"ब्रेक आहेत!" मास्तर ओरडले. "चांगले आहेत! नवे आहेत!"

आता गार व्हायला त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायची सोय उरली नाही. आजीबाई फावडं घेऊन रस्त्यात आडव्या आल्या असत्या. म्हणून मास्तरांनी गाडी खालच्या वाटेला घातली आणि त्या वाटेवर रेल्वेचं फाटक होतं.

फाटक उघडं होतं. मागेपुढे चिटपाखरू नव्हतं. पण फाटक उघडं असो की बंद, रुळांआधी गाडी थांबवायची, काच खाली करायची, कान द्यायचा आणि मगच पुढे जायचं, हा इथला कायदा. नुसता वेग कमी करून रूळ ओलांडणाऱ्या कितीतरी पोरापोरींना मास्तरांनी परीक्षेत जागच्या जागी नापास केलं होतं. डोक्यात ओगुरा ओरडत होता, 'उभे राहू नका!' पण सकाळपासून काही केल्या न ऐकणारा पाय आता मात्र एकदम ऐकता झाला. गाडी पांढऱ्या रेषेवर बोटभरही न चुकता उभी राहिली. मास्तरांनी काच खाली केली. कान दिला.

एवढ्यावर निघाले असते तरी निभावलं असतं. पण तेवढ्यात घंटा वाजली आणि दांडे खाली आले. बाजूच्याच स्टेशनात दोन डब्यांची आगगाडी येऊन थांबली आणि रूळ एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसली. उतारावर मास्तरांचा पाय ब्रेकवर घट्ट, कारण उतारावर पाय घट्ट ठेवावा हेही त्यांनीच शिकवलेलं. पुढच्या चाकांतून धूर वर येत होता. दुसरी गाडी आली, पहिली गेली. हँडब्रेक नावाची एक वस्तू आपल्या हाताशी आहे हे मास्तरांना आठवलं तेव्हा दांडे वर चालले होते.

घरी जाताना ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थडथडू लागलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि ओगुराला फोन लावला.

"फाटकापाशी थांबलात?" ओगुराने विचारलं आणि फोन लांब धरून पोटभर हसून घेतलं. हसू आवरून तो पुन्हा बोलला. "मलाही तुम्हीच शिकवलंत, मास्तर. मीसुद्धा थांबलो असतो. आता एकच करा. उद्या ट्रॅकवर ब्रेक बदडून काढा. पूर्ण जोराने, फेरीमागून फेरी, म्हणजे ठसा घासून निघेल. गोंजारत बसलात तर वाढेल."

त्या रात्री मास्तरांना धड झोप लागली नाही. शेडमध्ये गाडी नाही, असं डोळ्यांपुढे आणून बघितलं आणि त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

रविवारी तोमिए उसनं हेल्मेट घालून शेजारी बसली, पट्टे आवळून घेतले आणि मांडीवर हात ठेवून समोर बघू लागली, ड्रायव्हिंग स्कूलच्या परीक्षकासारखी. मास्तर ट्रॅकवर उतरले. सरळ रस्ता संपला, पहिलं वळण आलं, मास्तरांनी ब्रेक दाबला. थंड पॅडनी काही धरलं नाही, नुसती थरथर सुरू झाली.

"अहो, ही थरथरते का?"

"थंडी आहे सकाळची," मास्तर म्हणाले.

"अहो, पण थांबत का नाहीये? समोर टायर रचलेत!"

"थांबेल."

"दाबा ना!"

"दाबतोय!"

"कुठे दाबताय? इथे काय अंडी ठेवलीत पायाखाली? दाबा!"

आणि मास्तरांनी दाबला. दोन्ही पायांचा जोर त्या एका पायात आणून, डोळे मिटून, पोटातून आरोळी ठोकून दाबला. गाडीने नाक खाली घातलं, दोघांना पट्टे काचले, सगळा सांगाडा खडखडला आणि गाडी वळणातून सुखरूप बाहेर पडली. तोमिए वळून नवऱ्याकडे बघत राहिली. संसाराच्या इतक्या वर्षांत हा माणूस इतक्या मोठ्याने ओरडू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

"पुढचं वळण कुठे?" तिने विचारलं.

मग कारभार तिने हाती घेतला. "अजून नाही... अजून नाही... आता!" मास्तर दाबत, ओरडत, गाडी वळे. तोमिएही ओरडू लागली. दोन-तीन फेऱ्यांत पॅड तापले, धरू लागले आणि थरथर कमी कमी होत गेली. मास्तरांना घाम फुटला होता. इतकी मजा त्यांना दहा वर्षांत आली नव्हती.

तरीही प्रत्येकजण त्यांच्या पुढे जातच होता. पांढरी गाडी आली, सुळकन पुढे गेली आणि खिडकीतून हात वर झाला. मास्तरांचाही सवयीने झाला.

"हे काय? हात कशाला?"

"आपण वाट दिली म्हणून त्या आभार मानतात."

"तुम्ही वाट देता?"

"देतो."

"सगळ्यांना?"

मास्तरांनी एक मोठा श्वास घेतला. गाडी गेली तर जाऊ दे, पण आता लपवायचं नाही. "सगळ्यांना. तोमिए, इथे माझ्याएवढं हळू कुणीही चालवत नाही. पहिल्या दिवसापासून."

तोमिएने पट्टे आणखी आवळले. त्यांच्या फेऱ्यांची पाळी संपली, तशी ती गाडीबाहेर येऊन टायरवर बसली आणि भाताचा एक गोळा खाल्ला. मास्तर समोर उभे. हा निकालाचा विचार चाललाय हे त्यांना कळत होतं.

एवढ्यात उसामीबाई कॉफीचे दोन डबे घेऊन आल्या आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. "बाई, तुमचे मिस्टर म्हणजे सज्जन माणूस हो! मला कधी थांबावंच लागत नाही. मला तर वाटतं, त्यांनी इथल्या सगळ्यांना सभ्यपणा शिकवावा."

तोमिएने हसून त्यांच्यापेक्षा खाली वाकून नमस्कार केला. "आमचे हे आहेतच तसे," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या झाल्या आणि तिचं हसू मावळलं.

"पुढची पाळी कधी?"

"थोड्या वेळाने. का?"

"हेल्मेट द्या इकडे. त्या बाईला वाट द्यायची नाही."

"अगं, पण ती फार वेगाने..."

"तिच्या पुढे जायचंय आपल्याला."

"आणि गाडी? ती विकायची की..."

"विकू की. पण तिला मागे टाकल्यावर. तोवर या गाडीला कुणी हात लावायचा नाही."

मास्तरांनी लांब उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं. मग आपल्या पायाकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंना मागे टाकायला आपल्याला उरलेलं आयुष्यही पुरायचं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि आपल्या हळूपणाबद्दल त्यांना जन्मात पहिल्यांदाच फार फार बरं वाटलं.