तीन पौंड हवा

आमच्या खोऱ्यातले पुरुष बर्फाने मरत नाहीत. लाजेने मरतात. एकमेकांशी बोलायचा रेडिओ प्रत्येक गाडीत, प्रत्येक स्वयंपाकघरात चालू. कुणाची गाडी अडकली असं कानावर आलं की उन्हाळा येईपर्यंत त्याची टिंगल. म्हणून अडकलेला माणूस तोंडच उघडत नाही.

माझा नवरा ओड्डुर हिमनदीपलीकडच्या निवाऱ्यात मांडीचं हाड मोडून पडला होता. थोरला दीर बारदुर आणि मी त्याला आणायला गेलो. परतताना वादळाने गाठलं. ओड्डुर मागच्या सीटवर कण्हत होता. मग कण्हायचा थांबला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात गाडी रुतली. बारदुरने रेस दिली, चाकं जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली.

"हवा सोड," मी म्हटलं.

"दहा पौंड आहे. पुरे झालं."

"जाताना बर्फ कडक होता. आता पीठ झालंय त्याचं."

"आणि कॉम्प्रेसर गोठला तर परत कशाने भरणार? तुझ्या तोंडाने?"

खरं होतं ते. तरी मी उतरले. वारा उभं राहू देईना, गुडघ्यांवर एकेका चाकाशी गेले. बॅटरीच्या उजेडात मीटर बघत चारही चाकं तीन पौंडांवर आणली. टायरच्या कुशीला सुरकुत्या पडल्या, किनाऱ्यावर लोळणाऱ्या म्हाताऱ्या सीलसारखी चाकं पसरली. बारदुरने गिअर टाकला, गाडी हळूच वर आली.

"आता माणसाच्या चालीने. ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग झटकू नकोस. एवढ्या कमी हवेवर टायर रिम सोडतं."

"मला शिकवतेस?"

पुढे आडवा उतार होता. खाली, माझ्या बाजूला, हिमनदीच्या भेगा, तळ नसलेल्या. गाडीचं नाक जरा घसरलं आणि या शहाण्याने स्टिअरिंग झटकलं. फट्. माझ्या बाजूचं पुढचं टायर रिमवरून उतरलं. गाडी भेगांकडे कलली आणि तशीच थांबली.

"कुणाला सांगायचं नाही," बारदुर हळूच म्हणाला. "वादळ ओसरेपर्यंत बसू."

मी मागे हात घालून ओड्डुरचा हात चाचपला. ओल्या हातमोज्यासारखा लागला. मी माइक उचलला, तर बारदुरने मनगट धरलं.

"ती गॅरेजवाली गुन्हिल्डुर ऐकत असेल. जन्मभर चघळेल."

मी त्याच्या हाताला कडकडून चावले.

"बारदुरने टायर उतरवलंय," मी माइकमध्ये म्हटलं. "भेगांच्या वर, आडव्या उतारावर. ओड्डुर बोलत नाहीये."

नुसती खरखर. मग गुन्हिल्डुरचा घोगरा आवाज.

"बारदुर गाढव आहे, ते नंतर बघू. आधी ओड्डुरला वरच्या बाजूच्या दाराने बाहेर काढा, गुंडाळून ठेवा. बाकीची चाकं अडवा. जॅकखाली फळी घाला. मग व्हॉल्व्हची पिन काढ, पोरी. विसरलीस तर टायर तोंडावर फुटेल. आत स्टोव्हचा गॅस जरासाच सोड. काठीला चिंधी बांध, लांबून पेटव. भडक्याने टायर रिमवर बसेल. बसलं की लगेच हवा."

चिंधी तीनदा विझली. चौथ्यांदा धाडकन आवाज झाला आणि पायाखालचा उतार थरथरला. आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो, खालून काही तुटतंय का. काही नाही. टायर रिमवर बसलं होतं. कॉम्प्रेसर खोकला, बंद पडला, पुन्हा खोकला. मग चालू झाला.

ओड्डुरला आत निजवलं. बारदुर स्टिअरिंगपाशी बसला. हातावर माझ्या दातांचे वण. त्याने स्वतःहून माइक घेतला. सगळं खोरं ऐकत होतं.

"गुन्हिल्डुर, पुढच्या चाकांत किती ठेवू?"

कुणी हसलं नाही.

"चार," ती म्हणाली. "आणि झटके द्यायचे ते घरी येऊन दे."

गाडी रांगायला लागली. माझ्या बाजूच्या काचेखाली काळोख होता, तिकडे मी बघितलं नाही. मागे ओड्डुर एकदा कण्हला.

पुन्हा कण्ह, मी मनात म्हणत होते. पुन्हा.