बिनखुर्चीचा

"काकाची खुर्ची उचल गं."

आबांचा हा आवाज ताईनं ऐकला तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आई "बरं" म्हणाली आणि खुर्ची माडीवर ठेवून आली. काका हसतच जेवायला आले, आपली जागा मोकळी पाहिली, आणि हसू पुसायचंही विसरले. दिवेलागणीला काका नव्हते.

निम्मं शहर आबांना घाबरे, आणि आबांची माणसं त्या जेवणाच्या टेबलाला. ज्याची खुर्ची गेली, त्याचा शब्द कुणी झेलायचा नाही, ही घरची रीत. रविवारी दारात येणारा आधी आपली खुर्ची शोधी, मगच श्वास सोडी. पोरं परसात हळूच गात,

चार पाय खुर्चीला,
पाचवा पाय भीतीला.

आई थकली, तशा खुर्च्या ताईकडे आल्या.

आज सकाळी दाढी करता करता आबा म्हणाले, "धाकट्याची उचल. दुकान पेटव म्हटलं, तर म्हणे आत माणसं झोपलीत. मोठा आला पुण्यवान!"

"बरं," ताई म्हणाली, अगदी आईसारखी.

धाकट्या भावाला तिनं कडेवर वाढवलं होतं. तिनं खुर्ची उचलली. भलतीच जड, जिन्यात टेकवत टेकवत न्यावी लागली.

दुपारी सगळे जमले. धाकटा पांढराफटक होऊन दारात थबकला. पण त्याची खुर्ची जागच्या जागी होती. तो बसला. आबांचा उजवा हात, खिळा, तोही बसला. शेवटी आबा आले आणि न बघताच बसायला वाकले. स्वतःची खुर्ची त्यांनी जन्मात कधी शोधली नव्हती. टेबलाची कड हाती लागली म्हणून निभावलं.

"खिळ्या! बघतोस काय?"

खिळा जागचा हलला नाही. "काकांना मीच गाडीत बसवलं होतं, आबा. माझा जिवाचा दोस्त. तेव्हा तुम्हीच म्हणालात, रीत म्हणजे रीत."

एकही खुर्ची मागे सरली नाही.

आबा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "अगं ए, माझी खुर्ची आण."

आईनं हातातलं गरम पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं. पहिली पळी धाकट्याच्या ताटात वाढली. मग मान वर करून आबांकडे पाहिलं.

"नाही," आई म्हणाली. "नाही आणणार."