पलंगाखालचा आंबट वास

फिल्मवर उतरलेला माणूस कधी मरत नाही, असं रिफअत लुत्फी गेली तीस वर्षं गंभीर चेहऱ्याने सांगत आला होता. अलेक्झांड्रियाच्या समुद्राला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. तिथल्या दमट हवेत फिल्मही मरते. आधी तिला व्हिनेगरचा वास सुटतो, मग ती आकसते, मग वाळल्या पानासारखी वाकडी होते. रिफअतच्या घरात हा वास चार वर्षं तरी येत असावा. पण वडिलांच्या निगेटिव्हची पेटी ज्या पलंगाखाली होती, त्याच पलंगाखाली थोरली बहीण इक्राम सलगमाच्या लोणच्याच्या बरण्या ठेवत असे. वास आला की दोघं बरण्या तपासत. लोणचं दर वेळी उत्तम निघे.

पेटी उघडली ती रमजानच्या आधीच्या झाडलोटीत. वडील समुद्रकिनाऱ्यावरचे फोटोग्राफर. निम्म्या इजिप्तला त्यांनी पोहण्याच्या कपड्यांत टिपलं होतं. स्वतःच्या बायकोच्या वाट्याला एकच रोल आला होता, बारा फोटोंचा, आणि तोही छापायचा राहून गेला होता. आई गेली तेव्हा रिफअत दोन वर्षांचा होता. आता साठीला टेकला, तरी तिचा चेहरा त्याने पाहिलेला नव्हता. फिल्म उजेडासमोर धरली की एक बाई दिसे: केस पांढरे, चेहरा काळा, दात त्याहून काळे.

"दिसायला कशी होती गं?" त्याने विचारलं.

"गोल चेहऱ्याची," इक्राम म्हणाली.

"मागच्या ईदला लांबट म्हणाली होतीस."

"मागच्या ईदला मला चष्मा नव्हता."

तेव्हा इक्रामच्या आठवणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता, आणि फिल्म रोज थोडी थोडी आकसत चालली होती. तिला ताबडतोब स्कॅनर हवा होता. रिफअतचा स्वतःचा स्कॅनर दुकानदाराने आणून लावून दिल्यापासून चौदा वर्षं एकाच टेबलावर बसून होता. हिवाळ्यात घराला रंग दिला आणि त्यानंतर सुरू केला, तर तो पिठाच्या चक्कीसारखा करकरला. आतला दिवा जागचा हलला नाही. तीन दिवस शोक करून रिफअतने तो भंगारवाल्याला दिला. इक्रामने बदल्यात प्लॅस्टिकचं घमेलं मागून घेतलं.

नवा मिळत नव्हता; कंपनीने बनवणंच सोडलं होतं. स्टेशनजवळच्या फोटो लॅबमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळत. कैरोत एकाकडे स्कॅनर होता, पण तो गृहस्थ त्याच्याविषयी फक्त बोलत असे, हात लावू देत नसे.

"मोबाइलने काढ की फोटो," इक्राम म्हणाली. "सगळं जग काढतं."

रिफअत शहरातल्या फिल्मवर फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. सभासद सात, मोबाइल वर्ज्य. तरी एका दुपारी दाराला कडी लावून त्याने तेही पाप केलं. वाकड्या फिल्मवरून आईचा एक डोळा स्पष्ट आला. बाकीची आई धुक्यात गेली. फिल्म दाबून सपाट धरायची तर स्कॅनरचीच काच हवी.

शेवटी जवळच्या दमनहूर शहरातले डॉक्टर शुकरी सापडले. दातांचे डॉक्टर. जुने एक्स-रे उतरवून घ्यायला त्यांच्याकडे अगदी तसाच स्कॅनर होता.

"तीन दिवस देतो, उस्ताज रिफअत," डॉक्टर म्हणाले. "अक्कलदाढ समजा. गेली की दुसरी येत नाही."

"डोळ्यांत ठेवीन, डॉक्टर."

"प्रवासासाठी सगळं नीट लावून-बंद करून दिलंय. घरी गेलात की आधी..." तेवढ्यात आत खुर्चीतला रुग्ण कळवळला आणि डॉक्टर तोंडावरचा रुमाल बांधत आत गेले.

मायक्रोबसमध्ये रिफअतने स्कॅनर शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. शेजारच्या आजीबाईंनी मुलगा की मुलगी विचारलं.

घरी येऊन बटण दाबलं. तोच आवाज. तीच करकर. डॉक्टरांना फोन लावायला त्याने चारदा हात नेला आणि चारदा मागे घेतला. मागून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी मोडली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने उस्ता, म्हणजे मिस्त्री, बय्यूमींना बोलावलं. ते कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करत.

बय्यूमींनी कान लावून ऐकलं. "मोटर गेली. अल्ला तिला शांती देवो."

"उघडून तर बघा, उस्ता."

"मेलेल्याला उघडून काय बघायचं?" असं म्हणून त्यांनी उघडलंच. आतली फितीसारखी पातळ वायर टचकन तुटली.

"हे काय केलंत?"

"हे आधीचं आहे."

"आत्ता तुटली. माझ्यादेखत."

"तुटली आत्ता. तुटायचं ठरलं होतं आधीच," बय्यूमी म्हणाले आणि त्यांनी चहात तिसरा चमचा साखर घातली. स्कॅनर परत बंद केला तेव्हा तीन स्क्रू उरले. ते त्यांनी रिफअतच्या तळहातावर ठेवले.

पुढचे दोन दिवस रिफअत फिल्म दोन काचांमध्ये धरून बसला, वर विटा ठेवल्या, विटा काढल्या, फुंकर घातली, प्रार्थना केली. वरचा थर उन्हातल्या चिखलासारखा तडकू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बारापैकी नऊ फोटोंत आई होती. दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत चारात उरली. इक्रामने लोणच्याच्या बरण्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या. आता त्याचा उपयोग नव्हता, पण नेल्या.

तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"करकरला?" डॉक्टर म्हणाले. "खालची खिट्टी काढली होतीत ना?"

"कुठली खिट्टी?"

"प्रवासात आतला दिवा हलू नये म्हणून लावतात ती," दात कोरण्याच्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवत डॉक्टर म्हणाले. "ती न काढता सुरू केला की करकरतोच."

रिफअतने स्कॅनर उलटा केला. तळाशी बोटाच्या पेराएवढी खिट्टी होती, तिच्या एका बाजूला कुलपाचं चित्र. खिट्टी कुलपाकडे सरकवलेली होती.

इक्राम चष्मा सावरत वाकली.

"ही होय," ती म्हणाली. "रंगाच्या वेळी तुझा स्कॅनर उचलला तेव्हा आत काहीतरी खडखडत होतं. म्हणून मीच सरकवली होती."