खचलेली जमीन नव्हे, माझा खड्डा

मी एक जुना हातमाग आहे, अंगाने शिसवी आणि तोंडाने फटकळ. बेळगावलगतच्या एका विणकर पेठेत मी राबलो. पेठेचं नाव सांगत नाही. ज्या कारकुनाने घोळ घातला त्याची नातवंडं अजून तिथे नांदतात, त्यांना कशाला खाली बघायला लावू?

मित्रांनो, आमच्यासारखा माग जमिनीत खड्डा खणून त्यावर बसवतात. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या दाबतो. माझ्यावर कल्लाप्पा वीस वर्षं बसला. खड्ड्याच्या तळाला त्याच्या टाचांचे दोन खळगे पडले होते. त्याच्या लुगड्यांचे काठ बघून निपाणीचे व्यापारी माना डोलवायचे, तेव्हा मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू.

मग प्लेगचं साल आलं. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी सगळी पेठ माळावर छपरं घालून राहिली. कल्लाप्पाने मला सुटं करून गाडीत घातलं. खड्डा मात्र उघडाच ठेवला. तो बुजवला तर विणणारा माघारी येत नाही, असं आमच्याकडे मानतात. तरीही कल्लाप्पा आला नाही. माळावरच प्लेगने गेला. मागे त्याची बायको अंबुबाई तेवढी उरली.

ती पेठेत परतली, तर घर नव्हतं. नगरपालिकेने पाडून टाकलं होतं. शिपायाने हातात कागद दिला. घर धोक्याचं होतं, पाडायचा खर्च बेचाळीस रुपये, त्याचा बोजा जागेवर चढवला आहे, तीन महिन्यांत न फेडल्यास जागेचा लिलाव.

शेजारचा विणकर तम्मण्णा म्हणाला, "आक्का, सरकारासंगं भांडून काय मिळतंय? दे सोडून जागा. भावाकडं जा."

"लिलावात घेणारा पयला खड्डा बुजवंल," ती म्हणाली. "त्येंच्या टाचा हायत रं त्यात. मी न्हाय देणार."

तिने अर्ज केला. घर पाडण्याआधीचा पाहणीचा कागद मागून आणला आणि शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. कारकुनाने लिहिलं होतं, "घर बंद, कुलूप तोडून पाहणी केली. आत भिंतीलगत जमीन खचली आहे. लांबी तीन हात, खोली दीड हात. भिंत केव्हाही पडेल."

अंबुबाईने जमिनीवर हाताने ती लांबी मोजून पाहिली. मग म्हणाली, "मास्तर, ही तर आमच्या मागाच्या खड्ड्याची मापं."

मी तिच्या माळावरच्या छपरात सुटा पडून ऐकत होतो. कल्लाप्पा परत यावा म्हणून उघडा ठेवलेल्या खड्ड्यानेच त्याचं घर खाल्लं. माझ्या खड्ड्याने. ती खंत अजून माझ्या लाकडातून जात नाही.

तिने पुन्हा अर्ज केला, तेव्हा फेरपाहणीला नगरपालिकेचे अध्यक्ष त्या कारकुनाला घेऊन आले. अंबुबाई आणि तम्मण्णाने दगडमाती उपसून मला खड्ड्यावर उभं केलं होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, भर उन्हात मी. बायकांनी कांड्यांवर सूत भरायचं आणि मागावर पुरुषाने बसायचं, असा घरचा रिवाज. तरी अंबुबाई बसली. तिचे पाय आखूड, खाली पोचेनात. पण पट्ट्या दाबल्या गेल्या, आणि डावी जरा जोरात, कल्लाप्पा दाबायचा तशी. मित्रांनो, मला पायांची ओळख आहे. ते पाय अंबुबाईचे नव्हते.

"सायेब," ती म्हणाली, "जमीन खचलीया का मानूस बसतंय हितं, आता तुमीच लिवा."

कारकुनाची मान वर होईना. बोजा उतरला. पाडलेल्या घराची भरपाई मात्र मिळाली नाही. निघताना अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता हा खड्डा बुजवून घ्या."

"कसा बुजवू?" अंबुबाई म्हणाली. "त्ये अजून उठल्यालं न्हाईत."

त्याच खड्ड्यावर छप्पर घालून ती मरेपर्यंत विणत राहिली. पुढे जागा दुसऱ्याची झाली आणि मी एका कोठारात आलो. खड्ड्याचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, बंद घर रिकामं समजू नका. आत काही कळलं नाही, तर लिहिण्याआधी शेजाऱ्याला विचारा. आणि आमच्या पेठेत गेलात, तर जरा जपून पाय टाका.