छत काढून टाकलं

वजन: ४१ एमबी

आमच्या साहेबाला आम्ही पाठीमागे 'अनुभव' म्हणतो, कारण वेबसाइट हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. "आपण वेबसाइट बनवत नाही, अनुभव बनवतो." हे तो मीटिंगमध्ये बोलतो, जिन्यात बोलतो, एकदा बाथरूममधून ओले हात झटकत बाहेर येतानाही बोलला. थेंब माझ्या कीबोर्डवर.

या खेपेचा अनुभव एका हॉस्पिटलसाठी होता. ऑपरेशनची भीती वाटणाऱ्या पेशंटने घरीच डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा, ब्राउझरमध्ये लिंक उघडायची आणि दारापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत फिरून यायचं. ॲप वगैरे काही उतरवायचं नाही. एकदा पाहिलेल्या जागेची भीती कमी वाटते, असं हॉस्पिटलचं म्हणणं. ते बरोबरच होतं. पुढचा गाढवपणा आमचा.

कोड मी लिहिते. माझी आत्या त्याच हॉस्पिटलची पेशंट. तिचा खुबा बदलायचाय. दोनदा तारीख घेतली, दोनदा ऐनवेळी घरी परत आली. आता डॉक्टरांनी तोडून सांगितलंय: या महिन्यात झालं नाही तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग नाही, उभं राहणं कायमचं संपलं. म्हणून हे काम मी मागून घेतलं होतं.

वजन: १९ एमबी

लिंक उघडायला बावीस सेकंद लागत होते.

"बावीस सेकंदांत माणसाचा घटस्फोट होतो," अनुभव म्हणाला. त्याचा झालेला असल्यामुळे कोणी वाद घातला नाही. "साध्या फोनवर, साध्या नेटवर उघडलं पाहिजे. आठ एमबीच्या वर एक कण नको."

कापाकापी सुरू झाली. बाकांचे मागचे पाय गेले. दारांच्या कड्या गेल्या. नोटीस बोर्डावरची अक्षरं गेली, नुसता बोर्ड राहिला. कुंडीतलं झाड एकटंच दोन एमबी खात होतं. त्याला मी हात लावला तर अनुभव धावत आला.

"झाड राहू दे. झाडाने शांत वाटतं."

"सर, हॉस्पिटलमध्ये झाडच नाहीये."

"म्हणूनच तर!"

मग आमच्या मॉडेलरने, म्हणजे या भिंती-बाकं घडवणाऱ्या पोराने, जांभई देत विचारलं, "छत कोण बघतं?"

कोणीच बघत नव्हतं. आम्ही पाच जण दोन आठवडे ऑफिसात उभ्याने ते हॉस्पिटल फिरत होतो, एकमेकांवर आपटत होतो, आणि एकाचीही मान वर गेली नव्हती. छत मीच काढलं. एक ओळ खोडली, झालं. वर काळा रंग उरला.

वजन: ७.८ एमबी

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

रविवारी चष्मा घेऊन आत्याकडे गेले. ती पलंगावर आडवी होती. हल्ली बसली की कळ येते.

"नुसतं बघायचं हं, आत्या. घाबरायचं नाही."

"मी कुठे घाबरतेय? पट्टा नीट लाव, केस ओढले जातायत."

"दिसलं?"

"नाही."

"काय दिसतंय मग?"

"काळं."

"थांब, लोड होत असेल."

"झालंय गं. एक बाई 'आपलं स्वागत आहे' म्हणतेय. काळोखात बसून स्वागत करतेय मेली!"

आडव्या माणसाच्या समोर असतं ते छत.

"मान जरा खाली कर. पायांकडे बघ."

"पायाशी झाड आहे." मग तिने चष्मा काढून माझ्या मांडीवर टाकला. "मला तिथे चालवत नेणार आहेत का?"

"नाही. स्ट्रेचरवरून."

"म्हणजे मला हेच दिसणार. काळं." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "हीसुद्धा तारीख रद्द करा म्हणावं."

वजन: ७.८ एमबी

"पेशंटला उशी घ्यायला सांग," अनुभव म्हणाला.

"सर, ऑपरेशनला माणूस झोपून जातो."

"हे तुला आज कळलं?"

आजच कळलं होतं. सख्खी आत्या वर्षभर अंथरुणात, आणि मी तिच्यासाठी बाकं मोजत बसले होते. अनुभवला हसायचा हक्क मला उरला नव्हता, तरी त्याचं पुढचं वाक्य ऐकून हसू आलंच.

"उद्या ट्रस्टींना दाखवायचंय. ट्रस्टी काही झोपून बघणार नाहीत."

मी पर्स उचलली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

वजन: ५८ किलो

हे आत्याचं. दुपारी वॉर्ड शांत असताना एका सिस्टरने रिकामं स्ट्रेचर दिलं आणि स्वतः ढकलायला आली. आत्याला मी एवढंच म्हटलं होतं: रद्द करायचं तर कर, पण एकदा खरं बघून कर. तिने माझं मनगट आवळून धरलं होतं. चाकं हलली तसे तिने डोळे मिटले. मग एक उघडला.

"हा दिवा मिचमिचतोय."

"कळवलंय, मावशी," सिस्टर म्हणाली. "तीन वेळा."

"तो डाग कसला?"

"वरच्या मजल्यावर नळ गळतो."

"आणि रंगाऱ्याने पंख्यालाही रंग फासलाय! डोळे मिटून काम केलं का मेल्याने?"

माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. बोट वर गेलं आणि पुढचा सगळा रस्ता ते छताला नावं ठेवत राहिलं. थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं.

"आज इथपर्यंतच," सिस्टर म्हणाली.

"आतलं छत कसंय?"

"पांढरं. मधोमध मोठा दिवा. डागबिग नाही."

"झोपून बघितलंयस?"

"माझं अपेंडिक्स तिथेच काढलं. भूल चढेपर्यंत बघतच होते."

आत्याने तिला खालून वर न्याहाळलं.

"सहीचा कागद आण."

सिस्टरने संमतीपत्र तिच्या चेहऱ्याच्या वर धरलं. आत्याने हात वर करून सही सुरू केली. दोन अक्षरं उमटली आणि टोक वर केलेल्या बॉलपेनची शाई उतरेना. तिने झटकलं, पुन्हा टेकवलं. कोरंच.

"बसवा गं मला," ती म्हणाली. "ह्यांचं पेनसुद्धा धडधाकट माणसांसाठीच केलंय."

सिस्टरने स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू उचलली. आत्याने कळ गिळली आणि सही पूर्ण केली.