दुसऱ्या चॅनलमधली शीळ

पियानोचे सूर लावणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. माझं पोट माझ्या कानांवर चालतं, हे मी भेटेल त्याला ऐकवत आलोय, आणि ऐकवताना माझा तोरा काही कमी नसायचा. त्यामुळे त्या फुकटच्या प्रोग्रामवर मी भडकलो, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

धाकट्या बहिणीचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. तिला मी लहानपणापासून चिमणी म्हणतो. तेव्हा आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. त्यातल्या एका गेममध्ये एक टोपीवाला उड्या मारत जायचा आणि मागे तीच ती रटाळ धून वाजायची. "दादा, ही धून बदलता आली असती तर!" असं चिमणी दर चार दिवसांनी म्हणायची. आता ती बदलता येते. गेमची फाईल उघडायची, जुनी धून काढायची आणि बरोब्बर तेवढ्याच जागेत आपली बसवायची. धून रचायला प्रोग्रामही फुकट मिळतो. पडद्यावर चार उभे रकाने असतात, म्हणजे चार चॅनल, आणि प्रत्येकात वरून खाली एकेक सूर टाईप करत जायचं. वाढदिवसाची भेट म्हणून मी हेच करायचं ठरवलं.

पहिल्या चॅनलमध्ये मुख्य धून, तिसऱ्यात खर्ज, चौथ्यात ढोलासारखी खरखर. गेमच्या दुसऱ्या टप्प्यात जंगल आहे, तिथे चिमणीसाठी म्हणून दुसऱ्या चॅनलमध्ये मी पक्ष्याची बारीक शीळ घातली, अगदी टिपेची. ती वाजेचना! आवाज वाढवत पंधरावर नेला, त्यापुढे आकडाच नाही. तरी ढिम्म. आवाज दाखवणारा हिरवा दांडा मात्र टणाटण उडत होता. फुकट ते पौष्टिक म्हणणारा तेव्हा समोर असता, तर त्याची धडगत नव्हती. प्रोग्राम बनवणाऱ्याला मी माझी फाईल जोडून सणसणीत पत्र लिहिलं, की तुमचा दुसरा चॅनल मुका आहे, मी तीस वर्षं सुरांत काढलीत, मला शिकवू नका.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'तुमची फाईल इथे व्यवस्थित वाजते. जरा जास्तच व्यवस्थित. आमचं मांजर खोली सोडून गेलं. शीळ कृपया कमी करा.'

चोराच्या उलट्या बोंबा, मी म्हटलं. शीळ तशीच ठेवली. लॅपटॉपवर नाही, तर निदान खऱ्या डब्यावर वाजेल, असा माझा हिशोब.

वाढदिवसाला, रविवारी दुपारी, आम्ही दोघं नवराबायको चिमणीकडे गेलो. तिने जुना डबा टीव्हीला जोडला, मी बदललेला गेम भरून आणलेली कॅसेट त्यात घातली. पहिला टप्पा सुरू झाला, नवी धून ऐकून तिने डोळे पुसले. मग जंगल आलं, आणि तिने हातातला कंट्रोलर टाकून दोन्ही कान गच्च झाकले. तिचा नवरा टीव्हीचा आवाज कमी करायला धावला.

"अहो, बंद करा ते!" माझी बायको ओरडली. "कान फुटतील!"

"काय बंद करू?" मी विचारलं. मी तर जंगलाची धून मजेत ऐकत होतो.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"दादा, ती शिट्टी."

"कुठली शिट्टी?"

मला आधी वाटलं, सगळे मिळून माझी फिरकी घेताहेत. मग मी टीव्हीला शिव्या घातल्या, वायरीला घातल्या, त्या मांजरवाल्याला घातल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," चिमणी हसत म्हणाली, आणि हसता हसता मला निरखून बघायला लागली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणसाला दिसत नाही आणि तो कबूल करत नाही, हे तिला रोजचंच. तिने टीव्ही बंद केला, दोघांना बाहेर पाठवलं, मी बरोबर आणलेला लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि बाकीचे तीन चॅनल बंद केले.

"पाठ करून बस. शीळ ऐकू आली की हात वर कर."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता. खालून एक स्कूटर गेली. एवढं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"अगं, सुरू कर की! किती वेळ बसू?"

शेवटी मी वळलो. एक कान तिने तळहाताने दाबून धरला होता, दुसरा खांद्यावर टेकवला होता. डोळे भरून आले होते.

"दादा, कधीची सुरू केलीये."

पहिला विचार गेमचा नाही, मी ज्याचे सूर लावतो त्या एका संगीतशाळेतल्या पियानोचा आला. त्याच्या वरच्या टोकाच्या तारा मेल्यात, नव्या घाला, असं मी तिथल्या बाईंना तीनदा तोऱ्यात सांगितलं होतं. आणि तरीही दर सहा महिन्यांनी हाताच्या सवयीने त्या लावून येत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. बाई आल्या, तसं विचारलं, "बाई, शेवटच्या पट्ट्या कशा वाजतात?"

त्या घुटमळल्या. "रागावणार नाही ना? दोन वर्षं झाली, आम्ही त्या पट्ट्या वाजवतच नाही. चुकून वाजल्या की मुलं कानांवर हात ठेवतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही लावलेला पियानो! मला वाटलं, माझाच कान कच्चा."

"शेवटची वाजवा," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी वाजवली आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मला ऐकू आली ती फक्त आत तारेवर आपटणारी हातोडी, ठक्.

"पुन्हा," मी म्हणालो.

ठक्.